आधी ओझं, मग बाण : कोलोरॅडोच्या उभ्या डोंगरातली एल्कची शिकार

मी धनुष्य घेऊन एल्कच्या, म्हणजे सांबराच्या कुळातल्या थोराड हरणाच्या, शिकारीला जाणार हे कळल्यावर संगमनेरच्या मावशीनं फोनवर एकच प्रश्न विचारला होता : "अरे, एवढं मोठं जनावर घरी आणणार कसं?" तोवर मी बाणाची पाती, दुर्बिणी, छद्मवेषाचे कपडे यांवर सहा महिने वाचन केलं होतं. हा प्रश्न मात्र एकदाही डोक्यात आला नव्हता. आता काही हंगाम करून झाल्यावर सांगतो, उभ्या डोंगरात सगळी आखणी या प्रश्नापासूनच सुरू करायची असते. म्हणून हा लेखही शेवटच्या पायरीपासून सुरू करतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इथे अमेरिकेत गणित वेगळं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे कोलोरॅडोतले एल्क जवळजवळ संपले होते. वायोमिंगहून कळप आणून सोडले, हंगाम आणि परवाने लावले, आणि आज या राज्यात पावणेतीन-तीन लाखांच्या घरात एल्क आहेत. परवान्याचा पैसा वन्यजीव खात्याकडे जातो. बंदुका-काडतुसांवरचा आणि पुढे धनुष्यबाणांनाही लागू झालेला खास कर १९३७ पासून याच कामी येतो.

ओझ्याचा हिशेब

एल्क म्हणजे सांबराचा थोरला चुलतभाऊ. नर तीनशे-साडेतीनशे किलोंचा, मादी सव्वादोनशेच्या आसपास. हाडं काढून टाकली तरी मोठ्या नराचं नव्वद-शंभर किलो मांस उरतं. उतरणीवर, घसाऱ्यातून, आडव्या पडलेल्या झाडांवरून माणूस एका खेपेला पंचवीस किलो नीट वाहू शकतो. जास्त घेतलं तर गुडघा किंवा घोटा जातो.

म्हणजे चार खेपा. गाडीपासून अंतर ४ किलोमीटर धरा. चार वेळा भरलेल्या पाठीनं उतरायचं, तीन वेळा रिकाम्यानं पुन्हा चढायचं : एकूण २८ किलोमीटर. प्रत्येक चढाईला ६०० मीटर उंची असेल, तर सिंहगड पायथ्यापासून तीनदा चढण्याइतकं काम झालं, तेही तीन हजार मीटरवरच्या विरळ हवेत. एकट्या माणसाचे दोन दिवस गेले. तंबू आणि सामान आणायची खेप वेगळी.

यातून दोन नियम निघतात. पहिला : एकटे असाल तर गाडीपासून ३ किलोमीटरच्या आतच शिकार करा, दोघं-तिघं असाल तर ५. दुसरा आणि जास्त महत्त्वाचा : जनावर गाडीच्या किंवा वाटेच्या वरच्या अंगाला हवं. रस्ता धारेवरून जातो आणि एल्क खालच्या घळीत ओरडतोय, हा सापळा आहे. उतरून जायला वीस मिनिटं लागतात आणि बाण मारायला एक क्षण. नंतर प्रत्येक खेप चढाची होते. माझ्या दुसऱ्या हंगामात तीस यार्डांवर नर आडवा उभा होता, दोरी ओढून झाली होती. पण तो कातळपट्टीच्या खालच्या घळीत होता आणि दुपारचे पंचवीस अंश तापमान होतं. मी धनुष्य सावकाश ढिलं केलं. रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या, सकाळी त्या कातळाची वाट बघायला गेलो आणि शिव्या थांबल्या.

परवाना

ही पायरी कंटाळवाणी, पण इथली चूक महाग पडते. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते झालं की कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याकडून परवाना. राज्यात सलग सहा महिने राहिलेल्या रहिवाशाला बऱ्याच भागांसाठी धनुष्याचा एल्क परवाना थेट विकत मिळतो. परराज्यातल्यांसाठी मात्र २०२५ पासून ही सोय बंद झाली. आता एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करून सोडतीत नाव लागावं लागतं. टेक्सास किंवा न्यू जर्सीहून यायचा बेत असेल तर एक वर्ष आधी हालचाल करा.

एच-वन-बीवर असलेले मित्र नेहमी दबक्या आवाजात विचारतात, म्हणून लिहितो : धनुष्य हे बंदुकीच्या कायद्यात येत नाही, त्यामुळे व्हिसाधारकांना बंदुकीबाबत असलेल्या अटींचा इथे अडथळा नाही.

राज्य शिकारीच्या युनिट्समध्ये वाटलेलं आहे, आणि बऱ्याच युनिट्समध्ये नर मारायचा तर एका शिंगाला चार तरी फाटे हवेत, नाहीतर कपाळालगतचा फाटा पाच इंचांचा हवा. नियमावलीचं आपल्या युनिटचं पान छापून खिशात ठेवा, कारण डोंगरात मोबाइल चालत नाही. खासगी जमिनीवर परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे, आणि पाटी लावण्याचं बंधन मालकावर नाही. सीमा दाखवणारा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या.

शरीर

डेन्व्हर शहराची जमीनच १६०९ मीटरवर आहे. कळसूबाईचा माथा १६४६. म्हणजे आमची दूध आणायला जायची उंची तुमच्या महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराएवढी. तरीही शिकार होते ती २८०० ते ३४०० मीटरवर, आणि तिथे आम्हालाही धाप लागते. समुद्रसपाटीवरून येणाऱ्यानं पहिली रात्र डेन्व्हरला, दुसरी अडीच हजार मीटरच्या गावात काढावी आणि मग वर जावं. डोकेदुखी आणि मळमळ ही सौम्य लक्षणं झाली, विश्रांतीनं बरी होतात. चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ किंवा बसल्याजागी धाप आणि खोकला दिसला तर शिकार संपली. अंधार असला तरी खाली उतरायचं.

तयारी एकाच प्रकारची करा : पाठीवर वजन आणि चढ. धावण्यानं छाती तयार होते, पण ओझं घेऊन उतरताना मांडीचा पुढचा स्नायू फाटतो, त्याला धावण्याचा उपयोग नाही. चार महिने आधी १० किलोंनी सुरुवात करून २५ पर्यंत या. आमच्याकडे मॅनिटू स्प्रिंग्सला सुमारे २७०० पायऱ्यांचा उभा चढ आहे. पुण्यातून कोणी येणार असेल तर त्यानं रविवारचा सिंहगड पाण्याचे कॅन घेऊन करावा आणि वर पिठलं-भाकरी झाल्यावर कॅन ओतून न देता तसेच खाली आणावेत. खरी परीक्षा उतरणीत आहे.

धनुष्य आणि उतारावरचा नेम

कायद्यानं किमान ३५ पौंड ओढीचं धनुष्य चालतं, पण एल्कच्या जाड बरगड्यांसाठी बहुतेकजण ५५ ते ७० पौंडांचं कंपाऊंड, म्हणजे कप्प्या लावलेलं धनुष्य, वापरतात. जितकी ओढ बसल्याजागी, थंडीत, कोट घालून, न हिसकता खेचता येते तितकीच ठेवा. बाण जरा वजनदार घ्या, आणि टोक न उघडणारं, पक्क्या पात्याचं. पातं इतकं धारदार हवं की कागद नुसत्या स्पर्शानं कापला जावा. बाणाला गोळीसारखा धक्का नसतो, तो फक्त कापतो. बोथट पातं म्हणजे जनावराचे हालहाल.

सरावात एकच बाण महत्त्वाचा : दिवसाचा पहिला. पन्नास बाण मारून हात गरम झाल्यावरचा नेम डोंगरात तुमच्यासोबत येत नाही. रोज सकाळी चहाच्या आधी एक बाण, जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळावर. ज्या अंतरावर दहापैकी नऊ सकाळी तो ताटात बसतो, ती तुमची मर्यादा. माझी ३५ यार्ड आहे. साठ यार्डांच्या बढाया मारणारे भेटतील, पण बाण पोचेपर्यंत जनावर एक पाऊल टाकतं हे ते सांगत नाहीत.

आता उतार. गुरुत्वाकर्षण बाणाला खाली ओढतं ते आडव्या अंतराच्या हिशेबानं. तीस अंशांच्या उतारावर ४० यार्ड दूर दिसणारं जनावर आडव्या अंतरात साडेचौतीस यार्डांवरच असतं. चाळिसाची पिन (धनुष्याच्या साइटवरची, म्हणजे नेम धरायच्या चौकटीतली त्या अंतराची खूण) लावली तर बाण वरून जातो. वर मारा किंवा खाली, दोन्हीकडे चूक त्याच दिशेची. कोन धरून अंतर सांगणारा रेंजफाइंडर घ्या आणि तो सांगेल तीच पिन लावा.

शरीराची ठेवणही बदलते. सपाटीवरच्यासारखी दोरी ओढायची, धड आणि हात यांचा काटकोन तसाच ठेवायचा, आणि मग कमरेतून वाकायचं. नुसता हात खाली केला की ओढीची लांबी बदलते आणि नेम गेला. उतारावर उभं राहिल्यावर डोळे डोंगराची तिरकी रेष सरळ मानतात आणि धनुष्य नकळत कलतं, म्हणून साइटवरचा पाणपातळीचा बुडबुडा बघायची सवय लावा.

आणि बाण कुठे लागेल यापेक्षा कुठून बाहेर पडेल याचा विचार करा. वरून मारताना तो उंचावर शिरून खाली निघतो. छातीच्या पोकळीचा मध्य त्या रेषेवर यायला हवा. फक्त आडवं उभं किंवा तोंड पलीकडे करून तिरकं उभं असलेलं जनावर. समोरून, मागून, झाडाआडून नाही.

जागा शोधणं : पदर

सह्याद्रीत भटकलेल्यांसाठी हा भाग सोपा आहे. गडाच्या कड्याखाली झाडीचा जो पदर असतो, तसे सपाट पट्टे इथल्या उतारांवरही असतात. एल्क रात्री खालच्या कुरणात चरतात, उजाडताना चढू लागतात आणि दिवसभर उत्तरेकडच्या गर्द सूचिपर्णी झाडीतल्या अशा पदरावर बसतात. सावली, थंडावा, आणि खालून येणारा प्रत्येक वास नाकात. नकाशावर समोच्च रेषा दाट असताना मध्येच जिथे विरळ होतात, तिथे खूण करा. जवळ पाणी किंवा चिखलाचं डबकं असेल तर दोन खुणा. माजावरचे नर त्या डबक्यात लोळतात, आणि त्याचा उग्र दर्प आपल्यालाही येतो.

अशा पाच-सहा जागा घरीच निवडा. त्यातल्या गाडीच्या खालच्या अंगाच्या, म्हणजे ओझं चढवून आणावं लागेल अशा, लगेच खोडा. उरलेल्या ऑगस्टमध्ये पायी पाहून या. ताजी विष्ठा, सोललेली झाडं, खुरांच्या वाटा.

तंबू पदरावर टाकायचा नाही, शेजारच्या सोंडेवर टाका. माथ्यावरही नको, कारण दुपारच्या वादळात वीज पडते. अन्न अस्वलरोधक डब्यात. इथे ग्रिझली नाहीत, पण काळी अस्वलं आहेत. माझ्या डब्यात दशम्या, शेंगदाण्याचे लाडू आणि मेतकूट-भात असतो. एका मित्रानं तंबूच्या दारात लसणाची फोडणी दिली होती. त्या दिवशी आम्हाला खारीसुद्धा दिसली नाही. कारण फोडणीच होती असा माझा दावा नाही, पण आता कोणी फोडणी देत नाही.

वारा

एल्कच्या डोळ्यांना आणि कानांना कधीकधी फसवता येतं. नाकाला नाही. उभ्या डोंगरात वारा हवामानापेक्षा उन्हाच्या तालावर चालतो, आणि दिवसाचं सगळं वेळापत्रक त्यावरच बसवावं लागतं.

पहाटे थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी घळींतून खाली वाहते. यावेळी तुम्ही जनावराच्या खाली किंवा बाजूला असायला हवं. कुरणातून चढणाऱ्या कळपामागे जाता येतं, पण त्यांच्या वेगानं चढायचा प्रयत्न करू नका, हरालच. तिरकं जाऊन पदराच्या पातळीला पोचा.

नऊ-दहाच्या सुमारास ऊन उतारावर पडतं आणि हवा वर चढू लागते. आधी पूर्वेकडचे उतार, उत्तरेकडचे बरेच उशिरा. मधला अर्धा-पाऊण तास वारा स्वतःच गोंधळलेला असतो, घुटमळतो, उलटसुलट फिरतो. या वेळेत जे नवशिके पुढे सरकतात ते कळप पळवतात. बसून राहा, लाडू खा.

हवा पक्की वर वाहू लागली की वळसा घालून पदराच्या वर जा. दुपारी वरून खाली उतरत जवळ जाता येतं. संध्याकाळी पुन्हा उलट. खोल दरीत सावली चार वाजताच पडते, आणि सावली पडलेल्या भागात हवा लगेच खाली वाहू लागते. घड्याळापेक्षा सावलीची कड बघा.

वारा तपासायला इथे भुकटीची बाटली विकतात. ती फक्त हातभर पुढचा वारा सांगते. जुने शिकारी मिल्कवीडच्या बोंडातला रेशमी कापूस वापरतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं : ही तर आपली म्हातारी! रुईचंच कूळ. लहानपणी फुंकर मारून जिच्यामागे धावायचो ती म्हातारी सोडा आणि दुर्बिणीतून बघत राहा. पन्नास-साठ मीटरपर्यंत तरंगत जाते आणि पुढच्या घळीत वारा कुठे वळतो ते दाखवते. डबीभर पुरते.

हाक

धनुष्याचा हंगाम साधारण सप्टेंबरभर असतो, आणि मध्यावर माज चढतो. नर लांब शिट्टीसारखा चढत जाणारा आवाज काढून शेवटी खरखरतो. माद्या मांजरासारखं म्यावतात. टाळूला लावायच्या पडद्यानं दोन्ही आवाज काढता येतात. गाडीत शिका, घरच्यांच्या सहनशक्तीला मर्यादा असते.

दोघं असाल तर हाक देणारा मागे, मारणारा चाळीस-पन्नास मीटर पुढे. नर सरळ येत नाही. वास घेण्यासाठी वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो, म्हणून मारणाऱ्यानं त्याच बाजूला थोडं सरकून बसावं. मादीचा आवाज दोन-तीनदा काढा आणि थांबा. वीस मिनिटं काहीच झालं नाही तरी उठू नका, कितीतरी नर गुपचूप येतात. नराची आरोळी मी क्वचितच देतो. माद्यांचा कळप राखणारा नर ती ऐकून भांडायला येण्याऐवजी कळप घेऊन डोंगरापलीकडे जातो.

महिन्याच्या मध्याला ठासणीच्या बंदुकीचा हंगाम यात मिसळतो. तेव्हा चालताना आणि मांस वाहताना भगवी टोपी घाला, तुमच्यावर सक्ती नसली तरी.

बाण सुटल्यावर

हलू नका. जनावर कुठे उभं होतं, शेवटचं कुठे दिसलं, ती झाडं लक्षात ठेवा आणि कान द्या. मग बाण शोधा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा. गडद लालसर म्हणजे बहुधा यकृत, चार ते सहा तास. हिरवट मळ आणि दुर्गंध म्हणजे पोट, दहा-बारा तास. घाई केली की जखमी जनावर उठतं, उतारानं दोन घळी ओलांडतं, आणि ओझ्याचा सगळा हिशेब कोलमडतो. प्रत्येक रक्ताच्या थेंबापाशी रंगीत फीत बांधत जा. मागे वळून पाहिलं की दिशा कळते.

कापणं आणि वाहणं

सापडलं की आधी परवान्याची चिठ्ठी सही-तारखेसह पूर्ण करा. मग दोरी काढा आणि जनावर झाडाला बांधा. चेष्टा नाही. तीस अंशांच्या उतारावर तीनशे किलोंचं धूड अर्धं कापलेलं असताना घसरलं तर तुम्हाला घेऊन जाईल. नेहमी वरच्या अंगाला उभं राहून कापा, पातं स्वतःपासून दूर. या कामाचे बदलत्या पात्याचे चाकू वस्तऱ्यासारखे असतात, आणि मदत तासाभराच्या अंतरावरही नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र खिशात हवं, पिशवीत नको.

पोट न फाडता मांस काढता येतं. पाठीवरून कातडी सोडवा, पुढचा पाय कापून घ्या (तिथे सांधा नाही, नुसते स्नायू), पाठीचा लांब पट्टा, मग मागची मांडी खुब्याच्या वाटीतून, मग मान. शेवटच्या बरगडीमागून हात घालून आतली मऊ पट्टी. पलटा आणि तसंच दुसऱ्या बाजूला. लिंगाचा पुरावा एका भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्या, तसा नियम आहे. खाण्यालायक मांस डोंगरात सोडणं हाही गुन्हाच.

मांस बिघडतं ते उष्णतेनं, आणि आधी मांडीच्या हाडाजवळ. म्हणून मी मांडीचं हाड जागेवरच काढतो, वजनही वाचतं. कापडी पिशव्या, सावली, वाहती हवा. प्लास्टिक नको, त्यात ऊब कोंडते. अवशेषांपासून शंभर मीटर दूर टांगा आणि दुसऱ्या खेपेला परत येताना मोठ्यानं बोलत या. अस्वल आधी पोचलेलं असू शकतं.

पहिल्या खेपेत सगळ्यात जड भाग घ्या, पाय ताजे असताना. दोन काठ्या. गाडीत बर्फाचे डबे आधीच भरलेले.

घरी

तिसऱ्या हंगामात मला मादी मिळाली, गाडीच्या वर पावणेतीन किलोमीटरवर. तीन खेपा, सतरा तास. दहांपैकी जेमतेम एका-दोघांना धनुष्यानं यश येतं, तेव्हा तक्रार नव्हती.

कोलोरॅडोच्या कळपांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे. डोक्याचा नमुना तपासणीला द्या आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच ठेवा. रोग निघाला तर खायचं नाही. मांस विकता येत नाही, मित्रांना द्यायला हरकत नाही. पाकिटांवर मी मराठीत लिहितो : रस्सा, खिमा, सुकं. चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे मटणाच्या अंदाजानं शिट्ट्या दिल्या तर चामडं होतं. मानेचं मांस मंद आचेवर तीन तास, खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात. तेल मटणापेक्षा दुप्पट घाला. पाठीची पट्टी मात्र मीठ, मिरपूड आणि तव्यावर दोन-दोन मिनिटं, बस.